टपालखोलीतला उघडा चाकू

१

सुताराच्या कुऱ्हाडीखाली अखेर दाराची फळी फुटली आणि कप्तान गिल्बर्ट लव्हडे तरातरा आत शिरला. त्याच्या मागून आलेला टपाल खात्याचा तपासनीस ईनॉक टॅपस्कॉट मात्र उंबऱ्यातच थबकला.

खोलीत टपालाच्या थैल्या छातीएवढ्या रचलेल्या होत्या. समोरच्या खिडकीखाली लेफ्टनंट हॅनिबल रोझवार्न पालथा पडला होता. पांढरे केस रक्ताने माखले होते आणि उजव्या मुठीत उघडा चाकू होता.

"जीव आहे!" गुडघे टेकून कप्तान ओरडला. "डॉक्टरला हाक मारा कोणीतरी! हॅनिबल, अरे, ऐकतोस का? मी आहे, गिल्बर्ट."

म्हाताऱ्याने डोळेही हलवले नाहीत. चौघांनी त्याला उचलून नेले, पण जाताना त्याच्या मुठीतला चाकू काही कोणाला सोडवता आला नाही.

'लॅमोर्ना' ही आगबोट ब्राझीलहून येऊन नुकतीच साउदॅम्प्टनच्या धक्क्याला लागली होती. खाडीच्या तोंडाशी दाट धुके, त्यामुळे पहाटेपर्यंत तिला नांगर टाकून उभे राहावे लागले होते. टॅपस्कॉट नेहमीप्रमाणे टपाल ताब्यात घ्यायला चढला, तर टपालखोलीचे दार आतून बंद आणि हाकेला ओ नाही. सरकारचे टपाल नेणाऱ्या प्रत्येक बोटीवर आरमाराचा एक अधिकारी असे. टपाल त्याच्या ताब्यात, किल्ली त्याच्या कमरेला, आणि तो झोपायचाही टपालाशेजारीच. 'लॅमोर्ना'वर ते काम रोझवार्नकडे होते.

टॅपस्कॉटने थैल्या मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. लाल मोहोर असलेली, रिओच्या वकिलातीची थैली नव्हती.

त्याने खिडकीतून बाहेर डोकावण्याचा प्रयत्न केला. खाली पाणी डचमळत होते, ते बघताच त्याने मान आत घेतली. आयुष्यभर समुद्रापारच्या टपालाचे काम करणाऱ्या या जाड्या गृहस्थाला धक्क्याला बांधलेली बोटसुद्धा लागायची. खात्यात यावरून त्याची भरपूर टिंगल होई.

"दार आतून बंद," तो म्हणाला. "आत एकटा माणूस, हातात चाकू, खिडकी उघडी, आणि थैली गायब."

कप्तानाचा चेहरा लाल झाला. "म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"मी काही म्हणत नाही हो, कप्तान. पण लंडनचे लोक काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय."

२

लंडनचे लोक काय म्हणणार होते, यावर सगळे अवलंबून होते. ब्राझीलला बोट न्यायची तर अर्धी बोट कोळशानेच भरते. नुसत्या उतारूंच्या आणि कॉफीच्या जिवावर तो खर्च कधीच निघत नाही. म्हणून टपाल नेण्याबद्दल सरकार कंपनीला दरसाल अनुदान देई, आणि त्या अनुदानावरच कंपनीच्या बोटी, खलाशी आणि साउदॅम्प्टनमधली शेकडो घरे चालत. करार संपत आला होता. तो पुन्हा करायचा की दुसऱ्या कंपनीला द्यायचा, हे उद्या लंडनला ठरायचे होते, आणि टॅपस्कॉटचा अहवाल संध्याकाळच्या गाडीने तिथे पोचायला हवा होता.

खरे सांगायचे तर टॅपस्कॉटला या अनुदानाचा मनापासून राग होता. सरकारी दुधावर पोसलेली मांजरे, असे तो या आगबोटींना म्हणायचा. तरी माणूस सरळ होता. त्याने कप्तानाला त्याच्या खोलीत गाठून स्वच्छ सांगितले.

"करारात दोन वाटा आहेत. टपाल बोटीच्या हलगर्जीपणामुळे हरवलं, तर करार गेला. पण सरकारच्याच अधिकाऱ्यानं ते हरवलं किंवा विकलं, तर कंपनीवर काही बालंट येत नाही. दार आतून बंद होतं. रोझवार्नवर तुमचा संशय आहे असं दोन ओळीत लिहून द्या, तुमची बोट वाचली."

"आणि हॅनिबल?"

"त्याला शुद्ध आली, तर तुरुंग. नाही आली, तर चोर म्हणून पुरतील."

कप्तान लव्हडेने समोरचा कागद टॅपस्कॉटकडे सरकवला. कागद कोरा होता. "कंपनीच्या मॅनेजरनं सकाळपासून तीनदा हेच सुचवलंय. साहेब, केप फ्रिओच्या वादळात पाणी टपालखोलीत शिरलं, तेव्हा हा म्हातारा रात्रभर थैल्या डोक्यावर धरून उभा होता. त्यानं टपाल विकलं असं लिहिण्यापेक्षा मी स्वतः बोट खडकावर घातली असं लिहीन. जाऊ दे अनुदान!"

शेकडो घरांचा पगार ज्याच्या शब्दावर टांगलेला आहे असा माणूस हे बोलत होता. टॅपस्कॉटला त्याचे मोठे कौतुक वाटले, आणि ते वाटल्याचा जरा रागही आला.

"चला, ती खोली पुन्हा पाहू," तो म्हणाला.

फुटलेल्या दाराचा अडसर चौकटीला लोंबत होता. टॅपस्कॉटने खाली वाकून त्याच्यावरून बोट फिरवले. लोखंडावर तपकिरी डाग वाळला होता.

"गंज असेल," कप्तान म्हणाला आणि नेहमीच्या सवयीने उंबऱ्याच्या आत उजव्या हाताला बघून त्याने पाय उंच उचलला. मग तसाच उभा राहिला. "गंमतच आहे. इथे शिशाचा एक लोळा असतो, पाण्याची खोली मोजायचा. हॅनिबल तो दाराला टेकण म्हणून ठेवतो. घाईत आत आलो की मला त्याची ठेच लागते आणि दर वेळी मी त्याला शिव्या देतो. आज सकाळी लागली नाही बघा."

लोळा खोलीत कुठेच नव्हता.

३

चौकशीसाठी टॅपस्कॉट जेवणाच्या दालनात बसला. समोर गार झालेले मटण होते, पण त्याला त्याच्याकडे पाहवत नव्हते.

पहिला आला बोटीचा कारभारी स्पर्लिंग. उतारूंच्या खोल्या, जेवणखाण, कागदपत्रे, सगळे त्याच्याकडे. गोड बोलणारा, नीटनेटका गडी. निळ्या कोटाच्या बाहीने त्याने डोळे पुसले. त्याच्या मागोमाग 'बिशप' नावाचा बोटीवरचा लठ्ठ बोका आला आणि टुणकन त्याच्या मांडीवर चढला.

"बिचारे लेफ्टनंट!" स्पर्लिंग म्हणाला. "मी त्यांच्याविरुद्ध बोलणार नाही, साहेब. पण विचारताय म्हणून सांगतो. पहाटे धुक्यात वल्ह्यांचा आवाज आला होता. लहान होडी असावी. टपालखोलीच्याच बाजूला."

"म्हणजे खिडकीतून थैली होडीत दिली, आणि मग पाय घसरून डोकं आपटलं?"

"तुम्ही म्हणालात, मी नाही. म्हातारपणी माणसाला चार दिवस सुखाचे हवेसे वाटतात."

"तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"परवा जेवायला बसलो तेव्हा. त्यानंतर ते खोलीबाहेर आलेच नाहीत, आणि माझं तिकडे काही काम नव्हतं."

बोका स्पर्लिंगची बाही मन लावून चाटत होता. स्पर्लिंगने त्याला ढकलले, तो परत आला.

"तुमच्यावर फारच जीव दिसतो याचा," टॅपस्कॉट म्हणाला.

"मुकी जनावरं, साहेब. माया ओळखतात," स्पर्लिंग हसून म्हणाला.

दुसरा आला बेडोज नावाचा उतारू. ब्रिस्टलचा व्यापारी, काटकुळा, आणि वर्तमानपत्रांतून अनुदानाविरुद्ध आग ओकणारा म्हणून प्रसिद्ध. बोका ना त्याच्या पायाशी घोटाळला, ना त्याने त्याच्याकडे बघितले.

"पहाटे तुम्ही टपालखोलीजवळच्या बोळात फेऱ्या मारत होता, असं खलाशी सांगतात," टॅपस्कॉट म्हणाला.

"मारत होतो. मला झोप येत नाही. तुमच्या त्या वाफेच्या यंत्रानं माझी हाडं खिळखिळी झालीत."

"हा करार मोडला तर तुम्हाला आनंदच होईल."

"पेढे वाटीन!" बेडोज टेबलावर मूठ आपटून म्हणाला. "व्यापाऱ्यानं स्वतःच्या हिमतीवर बोटी चालवाव्यात, सरकारच्या ताटातलं खाऊन नाही. पण ते पार्लमेंटमध्ये भांडून मोडीन. म्हाताऱ्याचं डोकं फोडून नाही."

"डोकं फोडून? डॉक्टर तर म्हणतात, पडला."

बेडोज खुर्चीत मागे टेकला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "मी बोळाच्या टोकाशी होतो. दार आपटल्याचा आवाज आला, अडसर पडल्याचा आला, आणि कोणीतरी पलीकडच्या जिन्यानं पळालं. चेहरा दिसला नाही. न पाहिलेल्या माणसावर आळ घेणारा मी नव्हे, म्हणून गप्प बसलो होतो."

आता हा खरे बोलत असेल, तर दार बंद झाल्यावर पळणारा माणूस दाराबाहेर होता. खोटे बोलत असेल, तर तोच तो माणूस. टॅपस्कॉटने मटणाची ताटली दूर सारली. बोका लगेच तिच्याकडे धावला, आणि टॅपस्कॉट बराच वेळ त्या बोक्याकडे बघत राहिला.

४

दुपारी रोझवार्नची मुलगी आली. केरेन्सा तिचे नाव, तिशीची, कॉर्नवॉलच्या बायका असतात तशी धिप्पाड आणि स्पष्टवक्ती. बापाच्या उशाशी बसून तिने त्याच्या तोंडात दोन चमचे पाणी घातले आणि मग टॅपस्कॉटकडे वळली.

"बाहेर धक्क्यावर लोक माझ्या बाबांना चोर म्हणताहेत. तुम्हीपण म्हणता का?"

"मी अजून शोधतोय, बाई."

"मग शोधा. आणि त्यांची पेटी कुठाय? तीही चोरली का बाबांनी?"

"कसली पेटी?"

"कमाल आहे! बाबांची चामड्याची पेटी. पूर्वी फाल्मथहून शिडाची टपालगलबतं जायची ना, त्यातली. बाबा तेरा वर्षांचे असल्यापासून त्या गलबतांवर होते. महत्त्वाची थैली ते कायम तिच्यातच ठेवतात, जगानं काही म्हणो. जमीन जवळ आली की मेंढीची चरबी आणि काजळी कालवून तिला चोळतात, म्हणजे पाण्याचा थेंब आत जात नाही. घरी आले की आठवडाभर त्यांच्या कपड्यांचा वास जाईल तर शपथ!"

"म्हणजे काल संध्याकाळी चोळली असणार."

"काल संध्याकाळीच. दिवा दिसला किनाऱ्याचा, की चरबीचा डबा निघालाच."

टॅपस्कॉट खुर्चीच्या कडेला सरकला. "बाई, शिशाच्या लोळ्याचा आणि त्या पेटीचा काही संबंध?"

केरेन्सा त्याच्याकडे अशी बघू लागली, जणू त्याने पाव कशाचा करतात असे विचारले. "फाल्मथच्या पोराला हे विचारावं लागत नाही, साहेब. लढाईच्या दिवसांत शत्रूचं जहाज दिसलं, की टपालाच्या पेटीला शिसं बांधायचे. टपाल शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा तळाला गेलेलं बरं."

टॅपस्कॉटचा चेहरा पडला. "म्हणजे बुडवली. म्हणजे थैली आता खाडीच्या तळाशी."

"बुडवली?" ती जवळजवळ ओरडली. "माझे बाबा असे घायकुते वाटले तुम्हाला? आधी टांगायची! दोराला बांधून बोटीबाहेर पाण्यात सोडायची, आणि चाकू उघडून उभं राहायचं. शत्रूचा पाय डेकवर पडला, की मगच दोर कापायचा. मी हे पाळण्यात ऐकलंय."

उशीवर रोझवार्नची मूठ अजून चाकूभोवती आवळलेली होती. चाकूच्या पात्यावर ना दोराचा धागा होता, ना डांबराचा डाग.

टॅपस्कॉट उठला तो धावतच सुटला.

५

"माझा कोट मागून घट्ट धरा, कप्तान. आणि मला ओकारी आली तर कोणाला सांगू नका."

टपालखोलीच्या खिडकीतून टॅपस्कॉटने कमरेपर्यंत अंग बाहेर काढले. खाली काळेशार पाणी होते. त्याने डोळे मिटले, सारे अवसान गोळा करून हात खाली घातला आणि बोटीच्या अंगावर चाचपले. खिडकीची झडप बांधायची लोखंडी कडी बाहेरून, फळीच्या कडेखाली दडलेली होती. आतून ती दिसत नव्हती. कडीला दोराची गाठ होती. डांबर लावलेला काळा दोर काळ्या फळ्यांना चिकटून सरळ पाण्यात गेला होता.

"ओढा!" तो किंचाळला. "मला नाही हो, दोर ओढा!"

दोन खलाशांनी ओढल्यावर आधी पेटी वर आली, मग तिला बांधलेला शिशाचा लोळा. कप्तान लव्हडेने त्या लोळ्यावर हात ठेवला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी तरळले. "पुन्हा कधी तुला शिव्या देणार नाही," तो म्हणाला.

पेटी जेवणाच्या दालनात सगळ्यांसमोर ठेवली गेली. कंपनीचा मॅनेजर, बेडोज, स्पर्लिंग, केरेन्सा, सगळे जमले होते.

"दार आतून बंद, म्हणून आपण सगळे म्हाताऱ्याला चोर ठरवायला निघालो," टॅपस्कॉट म्हणाला. "पण अडसरावर रक्त होतं. खिडकीशी पडून ज्याचं डोकं फुटलं, त्याचं रक्त दाराच्या अडसरावर कसं येईल? डोकं आधी फुटलं, अडसर नंतर लागला. म्हणजे बोळात पावलं ऐकून मारणारा दाराबाहेर डोकावायला गेला आणि लेफ्टनंटनं त्याच्या तोंडावर दार लावलं. बेडोजसाहेबांनी ऐकलं ते हेच. लेफ्टनंटच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. शुद्ध गेल्यावर तो माणूस दार फोडून आत येणार, हे त्यांना कळत होतं. मग म्हाताऱ्यानं लहानपणी शिकलेलं केलं. पेटीला शिसं बांधलं, खिडकीबाहेर टांगली आणि चाकू उघडून बसले. शत्रू आत आला असता, तर त्यांनी दोर कापला असता. तो आला नाही, म्हणून कापला नाही."

"पण त्या थैलीत असं होतं काय?" मॅनेजरने विचारले. "हिरे?"

"पत्रं. वकिलातीची, व्यापाऱ्यांची. मीही सकाळपासून तिथेच अडकलो होतो. चोराला थैली नकोच होती, ती हरवायला हवी होती. जिला करार मिळायचाय त्या दुसऱ्या कंपनीनं कोणाला तरी मोठ्या जागेचं आमिष दाखवलं असणार. आता, टपालखोलीचं दार लेफ्टनंट कोणासाठी उघडतील? उतारूसाठी तर नाहीच. धक्क्याला लागण्याआधी थैल्यांचा आकडा कोण मागायला येतं, कप्तान?"

"कारभारी," कप्तान सावकाश म्हणाला.

"मी गेलोच नाही!" स्पर्लिंग म्हणाला. "परवापासून मी लेफ्टनंटना पाहिलेलंच नाही. शपथेवर सांगतो."

एवढ्यात बिशप टेबलावर चढला. त्याने पेटीला नाक लावले आणि चामडे चाटायला घेतले. काळपट चरबी खाऱ्या पाण्याने मुळीच निघाली नव्हती. पाचसहा वेळा चाटून, मिशा पुसून तो खाली उतरला, थेट स्पर्लिंगकडे गेला, आणि मागच्या पायांवर उभा राहून त्याच्या उजव्या बाहीवर जीभ फिरवू लागला.

कोणीच हसले नाही. निळ्या कापडावर काळा डाग सहजी दिसत नव्हता. पण कप्तानाने ती बाही पकडली, नाकाशी धरली आणि केरेन्सापुढे केली.

"मेंढीची चरबी आणि काजळी," ती म्हणाली. "काल संध्याकाळची. परवा ती पेटीला नव्हतीच."

"माया ओळखतात मुकी जनावरं," टॅपस्कॉट म्हणाला.

स्पर्लिंग मटकन खाली बसला. "मारायचं नव्हतं मला," तो पुटपुटला. "म्हातारा पेटी सोडेचना. कंदील हातात होता... त्या दुसऱ्या कंपनीनं मला मोठ्या आगबोटीवर नेमतो म्हणून सांगितलं होतं." त्याला घेऊन गेले तेव्हा बेडोज दारातून बाजूला झाला आणि त्याने आपली टोपी काढली. ती स्पर्लिंगसाठी नव्हती, टेबलावरच्या पेटीसाठी होती.

"मी अजूनही अनुदानाच्या विरुद्धच आहे," तो घसा खाकरून म्हणाला. "पण असली माणसं त्यातून मिळत असतील, तर माझं भाषण जरा बदलावं लागेल."

केरेन्साने पेटी उघडली. थैली कोरडी ठाक होती आणि लाल मोहोर शाबूत होती.

६

अहवाल संध्याकाळच्या गाडीने गेला. टॅपस्कॉटने त्यात अनुदानाबद्दलचे आपले मत घातले नाही. एवढेच लिहिले की या मार्गावर सरकार जे विकत घेते ते नुसत्या कोळशाने मिळत नाही, आणि करार मोडण्यापूर्वी मंत्र्यांनी एकदा साउदॅम्प्टनला येऊन एक चाकू पाहून जावा.

मग तो रोझवार्नच्या खोलीत आला. म्हाताऱ्याचे डोळे उघडे होते, पण नजर भिरभिरत होती. कोणालाच ओळखत नव्हता. केरेन्सा आणि कप्तान दोन बाजूंना बसले होते, आणि मूठ तशीच आवळलेली होती.

"बाबा, सोडा ना आता तो," केरेन्सा म्हणत होती. "बोटं दुखतील."

टॅपस्कॉट पलंगाशी उभा राहिला. त्याने कोटाची बटणे लावली आणि धक्क्यावर टपाल घेताना म्हणतात तेच शब्द मोठ्याने म्हटले.

"लेफ्टनंट रोझवार्न, टपाल पूर्ण मिळाले. सर्व मोहोरा शाबूत."

म्हाताऱ्याची नजर त्याच्यावर येऊन थांबली. ओठ हलले. केरेन्साने कान जवळ नेला.

"वेळेवर का, विचारताहेत."

टॅपस्कॉटने उभ्या हयातीत एकाही बोटीला उशिराबद्दल माफ केले नव्हते. वादळ असो, धुके असो, त्याच्याकडे दंड म्हणजे दंड. सगळे त्याच्याकडे बघू लागले. खोटे बोलायची त्याला सवय नव्हती, आणि आता त्याची गरजही नव्हती.

"बोट धक्क्याला लागली तेव्हा टपाल तिच्याबरोबरच होतं," तो म्हणाला. "तपासायला उशीर माझ्याकडून झाला, लेफ्टनंट. तुम्ही वेळेवर होता."

रोझवार्नने डोळे मिटले आणि मूठ उघडली. टॅपस्कॉटने चाकू अलगद उचलला, त्याचे पाते मिटले आणि तो म्हाताऱ्याच्या उशाशी ठेवला.